मयताची आघाडी

लॉइड हॅकमन मंगळवारी दुपारी वारला आणि त्याच मंगळवारी रात्री पहिला आला. या दोन्ही गोष्टींचा ताप एकाच माणसाला झाला, तो म्हणजे मर्विन ग्रूबर. ओहायोतल्या त्या गावात अंत्यविधीचं दुकान एकच, मर्विनचं. त्यामुळे लॉइडला आंघोळ घालून, सूट चढवून, शवपेटीत नीट निजवायचं काम त्याच्याकडेच येणार होतं. आणि वेंडेलच्या बारमधल्या बेसबॉलच्या खेळात लॉइडच्या खालोखाल नंबरही मर्विनचाच होता, त्यामुळे जळफळाटही त्यालाच झाला.

खेळ तसा सोपा. रोज मोबाइलवर खऱ्याखुऱ्या संघांतले दहा खेळाडू निवडायचे. प्रत्येकावर एक खोटी किंमत लावलेली असते आणि दहाही जण ठरावीक रकमेत बसवावे लागतात, म्हणजे चार हिरे घेतले की सहा धोंडेही घ्यावे लागतात. त्या रात्री ते मैदानात जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. सामने सुरू झाले की निवडीला कुलूप. वेंडेलच्या बारमधली आठ-दहा टाळकी वसंतापासून पानगळीपर्यंत हा उद्योग करत. रोजच्या गुणांची बेरीज होई आणि शेवटी जो वर राही त्याच्या नावाची पितळी पट्टी टीव्हीसमोरच्या स्टुलाला ठोकली जाई. लॉइडच्या नावाच्या तिथे इतक्या पट्ट्या झाल्या होत्या की आता बसायला टोचतं, असं वेंडेल म्हणायचा.

मर्विनची एकही पट्टी नव्हती. त्याला एक हवी होती, एवढंच. माणसं कशाकशासाठी झुरतात. हा स्टुलासाठी झुरत होता.

बरं, मेहनतीत कमी नव्हता. दोन मयतांच्या मधला सगळा वेळ तो प्रयोगांत घालवायचा. वेगवेगळ्या डावपेचांचे चार-चार संघ रोज बाहेरच्या छोट्या स्पर्धांत उतरवून बघायचा आणि त्यातला जो टिकेल तो वेंडेलच्या खेळात आणायचा. आधी त्याने गठ्ठा करून पाहिला, एकाच संघाचे पाच फलंदाज, म्हणजे एकाने टोला हाणला की आधीपासून तळांवर उभे असलेले पळत धावा पुऱ्या करणार आणि सगळ्यांचे गुण आपलेच. मग गर्दी जिकडे जाईल त्याच्या उलट जाऊन पाहिलं. डेन्व्हरची हवा विरळ, तिथे चेंडू लांब जातो म्हणून सगळं जग डेन्व्हरचे फलंदाज घेई, तर हा मुद्दाम घेत नसे. मग वाऱ्याची दिशा पाहिली, पंचांच्या सवयी पाहिल्या. एका विधवेशी पेटीचा रंग ठरवताना तो मध्येच म्हणाला होता की शिकागोत आज वारा बाहेरच्या दिशेने आहे. त्या बाईला वाटलं काहीतरी आध्यात्मिक बोलतोय.

लॉइडचा डावपेच याहून साधा होता. तो खेळाडूंचे फोटो बघायचा आणि पोट सुटलेले निवडायचा. पोट असलेला गडी जोरात मारतो, हे त्याचं शास्त्र. धंदा मैलाटाक्या उपसायचा. दुपारी काम आटोपलं की बिअरचा पहिला घोट आणि दुसरा घोट यांच्यामध्ये त्याचा संघ तयार. आणि तो मर्विनच्या नाकावर टिच्चून दर वर्षी जिंकायचा. त्या मंगळवारी सकाळीच त्याने संघ लावला, तळ्यावर मासे धरायला गेला, खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं, आणि रात्री त्याच्या ढेरपोट्यांनी मैदान गाजवलं. एकूण बेरजेत तो मर्विनच्या बारा गुणांनी पुढे गेला. लॉइडच्या दुखवट्यात वेंडेलने बुधवार-गुरुवार खेळ बंद ठेवला, आणि शुक्रवारी शेवटची रात्र होती.

बारमध्ये बैठक बसली. मेलेल्या माणसाला बाद धरायचं की नाही, यावर बराच खल झाला. मर्विनने व्यावसायिक अधिकाराने सांगितलं की मृत्यूनंतर माणसाचे सगळे व्यवहार संपतात. वेंडेल म्हणाला, नियमांत जिवंत असण्याची अट कुठेच नाही. मतं घेतली. मर्विनच्या बाजूने एकच हात वर गेला आणि तो त्याचाच होता.

आता शुक्रवारी लॉइडचा संघ लावणार कोण? लॉइडची बायको आर्डिथ, ठेंगणी, शांत बाई. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती गुरुवारी सूट द्यायला आली तेव्हा लॉइडचा मोबाइलही घेऊन आली.

"तूच लाव त्याचा संघ," ती मर्विनला म्हणाली. "बाकीच्यांना सगळी थट्टा वाटते. खेळातलं खरं तुलाच कळतं, असं तो घरी नेहमी म्हणायचा. तुझ्या तोंडावर कधी बोलला नसेल."

कधीच बोलला नव्हता. तोंडावर तो मर्विनला 'प्राध्यापक' म्हणायचा आणि वर ढेकर द्यायचा. मर्विनला भरून आलं आणि त्याने हो म्हटलं. आर्डिथची गाडी वळणाआड गेल्यावर आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

कारण सगळ्या प्रयोगांतून एक गोष्ट त्याला अगदी पक्की कळली होती. शेवटच्या रात्री जो मागे असतो त्याने वेगळं काहीतरी करायचं असतं. पण जो पुढे असतो त्याने डोकं चालवायचंच नसतं, त्याने मागच्याची हुबेहूब नक्कल करायची असते. दोघांचे दहाच्या दहा खेळाडू तेच असले की दोघांना गुण तेवढेच, आणि आघाडी जशीच्या तशी राहते. म्हणजे लॉइडचं खरंच भलं करायचं तर त्याला मर्विनचाच संघ द्यायला हवा होता. मग बारा गुण बारा राहणार आणि मर्विन ग्रूबर आयुष्यभर मेलेल्या माणसाकडून हरलेला माणूस म्हणून ओळखला जाणार. तोही स्वतःच्या हाताने भांग पाडून दिलेल्या माणसाकडून.

शुक्रवारी दुपारी तो दोन्ही मोबाइल घेऊन कचेरीत बसला. आधी स्वतःचा संघ लावला, सगळा उन्हाळा पणाला लावून. मग लॉइडच्या मोबाइलवर त्याने फोटो बघून दहा ढेरपोटे निवडले. लॉइडची हीच तर पद्धत, त्याच्या स्मृतीचा मान राखायला नको का? स्वतःला त्याने असं बरंच काही ऐकवलं. ऐकायलाही छान वाटत होतं. पण त्यात दोघे जायबंदी होते आणि एक तर निवृत्तीच्या वाटेवरचा, हे मर्विनला ठाऊक होतं, आणि भिंतीपलीकडे लॉइड टाय लावून पडला होता. मर्विन उठला, पाणी प्याला, पुन्हा बसला. शेवटी एक सणसणीत शिवी हासडून त्याने ढेरपोटे पुसून टाकले आणि स्वतःचाच संघ लॉइडला एकेक करून उतरवून दिला. मोबाइल नेऊन आर्डिथच्या हातात ठेवला. तिने तो पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी दर्शनाला अख्खा गाव लोटला. लॉइडने सगळ्यांच्याच टाक्या उपसलेल्या. रांग दारातून बाहेर गाड्यांपर्यंत गेली होती. मर्विन काळ्या सुटात, हात पुढे जोडून, भिंतीला लागून उभा होता आणि दर थोड्या वेळाने हळूच खिशात डोकावत होता. सात वाजून पाच मिनिटांनी कुलूप पडणार होतं. सातला जरा कमी असताना बातमी आली: क्विंटन मॅब्री आज खेळत नाही. शिळी कोळंबी खाल्ली, पोट बिघडलं.

मॅब्री दोघांच्याही संघात होता. न खेळणाऱ्याला शून्य.

मर्विनचा अंगठा मोबाइलवर जाऊन थांबला. स्वतःचा मॅब्री बदलायला त्याला किती वेळ लागणार? लॉइडचा मोबाइल मात्र आर्डिथच्या पर्समध्ये, पर्स तिच्या कोपरावर, ती पेटीशी, आणि मध्ये हा सगळा गाव. नुसतं काही न करता उभं राहायचं. कोणी म्हणजे कोणी त्याला बोल लावला नसता. शोकसभेत मर्विनने उगी उभं राहावं यासाठीच तर लोक पैसे देतात. एक चांगला फलंदाज म्हणजे बारा गुण सहज. पितळी पट्टी त्याला समोर दिसायला लागली, नावाच्या स्पेलिंगसकट.

मग त्याला पेटीत लॉइडचा चेहरा दिसला. मर्विननेच बसवलेलं थोडंसं हसू होतं त्यावर, आणि ते आता त्याला बघवेना. तो रांग कापत निघाला.

अंत्यविधीगृहाचा मालक धावतपळत येतोय म्हटल्यावर लोक घाबरून बाजूला झाले. मयताचंच काही बिनसलं की काय, असं एका म्हातारीला वाटलं आणि ती मटकन खाली बसली. मर्विन आर्डिथच्या कानाशी वाकला.

"मोबाइल दे. मॅब्रीचं पोट बिघडलंय."

"कोणाचं?"

"कोळंबी खाल्ली त्याने. दे लवकर."

आर्डिथला एक अक्षर कळलं नाही, पण तिने मोबाइल काढला. उघडायचे आकडे तिच्या लक्षात होते, चष्मा मात्र गाडीत राहिला होता. दोनदा चुकले. तेवढ्यात पास्टर टिमन्स पेटीशी आले आणि त्यांनी प्रार्थनेला सुरुवात केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मर्विननेही घातली, त्याला तशीही घालायचीच होती. उरलेल्या रकमेत बसणारे दोघेच होते, एक सडपातळ, अंगाने चपळ, आकडेवारी चोख. दुसरा नवखा पोरगा, पट्ट्यावरून पोट ओघळलेलं. पास्टर नदीपलीकडच्या शांत किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते. मर्विनने सगळ्या शास्त्राला तिलांजली देऊन पोटवाल्याच्या नावावर बोट दाबलं. लॉइडचा संघ पक्का झाला.

"आमेन," सगळे म्हणाले. मर्विनने स्वतःचा मोबाइल बाहेर काढला आणि पडद्यावर कुलूप दिसलं.

त्यानंतर तो जे बोलला ते प्रार्थनेत बसणारं नव्हतं. पण लोकांना वाटलं, दुःखाचा आवेग आहे. पास्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वेंडेलने त्याला कॉफी आणि हॅमचं सँडविच आणून दिलं.

त्या रात्री पोटवाल्या पोराने दोन होमरन मारले, दोन्ही चेंडू थेट प्रेक्षकांत. मर्विनच्या खात्यात त्या जागी भोपळा. बाकीचे नऊ तेच, गुण तेच. बारा गुणांनी हरायचा तो अडतीस गुणांनी हरला. बारच्या इतिहासात इतक्या फरकाने जिवंत माणूसही कधी जिंकला नव्हता.

सकाळी झाकण लावायच्या आधी खोलीत दोघंच होती, आर्डिथ आणि मर्विन. तिला रात्री वेंडेलने सगळं समजावून सांगितलं होतं.

"तू आला नसतास तर मला कधी कळलंही नसतं," ती म्हणाली.

"एक तर त्या मूर्खाने कोळंबी खायची काही गरज नव्हती," मर्विन म्हणाला, आणि मग त्याला धरबंदच राहिला नाही. तो कोळंबीवर बोलला, तिच्या चष्म्यावर बोलला, पास्टरांच्या लांबलचक प्रार्थनेवर बोलला, त्या पोराच्या पोटावर तर फारच बोलला. आर्डिथ आधी रुमालात हसत होती, मग उघड हसायला लागली. बोलता बोलता तो पेटीकडे वळला.

"आता पुढच्या वर्षी मी जिंकेन रे, गाढवा," तो लॉइडला म्हणाला. "आणि त्यात काही मजा नसेल."

एवढं बोलून तो रडला. आयुष्यभर दुसऱ्यांना रुमाल पुरवणाऱ्या त्या माणसाच्या खिशात त्या दिवशी स्वतःसाठी रुमाल नव्हता, आर्डिथने तिचा दिला. मग त्याने झाकण लावलं.

पेटी उचलायला बारमधलेच सहा जण होते. बाहेर गार ऊन पडलं होतं. गावातल्या प्रत्येक पेटीच्या पुढे मर्विन चालत आला होता, मेयरच्याही आणि स्वतःच्या बापाच्याही. तसा तो आताही पुढे जाऊन उभा राहिला. पेटीचं पुढचं टोक वेंडेलच्या हातात होतं. तो खाकरला.

"मर्विन," तो हळूच म्हणाला, "दुसऱ्या नंबराने मागून चालायचं असतं."

कोणी हसलं नाही. मर्विनने त्याच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, कोटाची बटणं नीट केली आणि मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला.

"उचला," तो म्हणाला.