झालं म्हटल्यावर

न्हाव्याने वस्तरा पोस्टमास्तरांच्या गळ्याशी नेला आणि तिथेच थांबवला. पोस्टमास्तरांचा एक गाल गुळगुळीत झाला होता, दुसऱ्यावर अजून फेस होता. मिचीने दारातून कॅमेरा वर केला, एवढंच निमित्त. न्हाव्याने पाठ ताठ करून हनुवटी आत घेतली. पोस्टमास्तरांनी वस्तऱ्याची पर्वा न करता खांदे सरळ केले. बाकावर नंबरची वाट बघत बसलेल्या दोघांनी वर्तमानपत्राची घडी करून ती मांडीखाली सारली आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"काका, तुम्ही तुमचं काम करा ना," मिची म्हणाली. "मी इथे नाहीच असं समजा."

कुणी हललं नाही.

"काढ, काढ," न्हावी ओठ न हलवता म्हणाला. "पटकन काढ."

तिने नाइलाजाने बटण दाबलं आणि कॅमेरा खाली घेतला. चौघे अजून तसेच होते. पोस्टमास्तरांचा मोकळा गाल आधी गुलाबी झाला, मग लाल, मग त्याला जांभळट छटा यायला लागली.

"आता काय?" तिने विचारलं.

"तू 'झालं' म्हणाली नाहीस," न्हाव्याच्या दातांमधून आवाज आला.

"झालं!"

अख्ख्या दुकानाने एकदम श्वास सोडला. थंडीमुळे समोरचा आरसा त्या वाफेने धुरकट झाला. पोस्टमास्तर असे खोकले की फेस न्हाव्याच्या मिशांवर उडाला, न्हावी खो खो हसत सुटला आणि बाकावरचे दोघे एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालू लागले. मिचीने यातलं काही पाहिलं नाही. तोवर ती लेन्सला झाकण लावून, तोंड वाकडं करून पायरी उतरली होती.

दोष तिचा नव्हता. गावाचाही नव्हता. तो होता तिच्या बाबांचा.

गावात फोटो स्टुडिओ एकच, आणि तो बाबांचा. गाव त्यांना फोटोकाका म्हणायचं. त्यांच्या उमेदीच्या काळात दिवे मंद होते आणि कॅमेरा सुस्त, त्यामुळे समोरचा माणूस जरा हलला तरी फोटोत त्याला दोन नाकं यायची. म्हणून बाबांनी एक शिस्त बसवली. हनुवटी खाली. खांदे सरळ. श्वास धरा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी खणखणीत आवाजात, "झालं!" पुढे कॅमेरे बदलले, दिवे बदलले, पण शिस्त जशीच्या तशी राहिली. या गावात बाळ आधी मान धरायला शिकायचं आणि मग श्वास धरायला.

स्टुडिओच्या दर्शनी कपाटात एक पाटी होती : 'डोळे मिटलेला फोटो येथून बाहेर जात नाही.' पाटीखाली पुराव्यादाखल मिचीचा लहानपणीचा फोटो होता. लहानपणी ती प्रत्येक फोटोत डोळे मिटायची, मिचीमिची करायची, म्हणून तर तिचं हे नाव पडलं. बाबांनी हट्टाने तिला पुन्हा पुन्हा स्टुलावर बसवून शेवटी एक उघड्या डोळ्यांचा फोटो मिळवलाच. त्यात ती पायाशी साप निघाल्यासारखी दिसते. बाबांना तो फार आवडायचा.

आता मिची शहरात फोटोग्राफीच शिकत होती. हिवाळ्याच्या सुट्टीला निघताना सरांनी सगळ्यांना एकच काम दिलं होतं : आपापल्या गावातलं रोजचं जगणं टिपून आणा. मिचीला त्यांनी बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे काम जमलं तरच पुढच्या वर्षी वर्गात जागा. नाहीतर घरचा स्टुडिओ आहेच की, असंही ते म्हणाले होते, आणि ते तिला फार लागलं होतं. सुट्टीच्या सुरुवातीला तिने काही फोटो पाठवले, त्यावर त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं : 'फोटो स्वच्छ आहेत, पण ही माणसं ओळखपत्रासाठी उभी आहेत का?'

तिने सगळे उपाय करून पाहिले. बेकरीच्या गाडीआड लपून बसली, तर फळवालीने तिला बरोबर हेरलं आणि "फोटो आहे गं, फोटो!" अशी आरोळी ठोकून रस्त्याच्या दोन्ही बाजू गोठवल्या. भिंतीशी उन्हात विणत बसलेल्या आजी तिला फार आवडल्या होत्या. ती गुपचूप जवळ गेली. आजींनी विणकाम पदराखाली दडवलं, कनवटीच्या रुमालातून कवळी काढून तोंडात बसवली आणि न्यायाधीशासारख्या समोर बघू लागल्या. पंक्चरवाला तर चाक सोडून घरी गेला आणि कोट घालून आला.

त्या दिवशी जेवताना तिचा तोल सुटला.

"बाबा, तुम्ही अख्ख्या गावाचे पुतळे करून ठेवलेत."

"पुतळे हलत नाहीत," बाबा म्हणाले. "म्हणून त्यांचे फोटो नीट येतात."

"नीट! एकाही फोटोत जिवंत माणूस नाही तुमच्या. इतकी वर्षं नुसती हनुवट्या मोजत बसलात."

बाबांनी घास तसाच ताटात ठेवला. हात धुतला आणि ते डार्करूममध्ये गेले. दारावरचा लाल दिवा लागला. दिवा लागला की दार उघडायचं नाही, हा घरातला सर्वांत जुना नियम. आत धुवायला हल्ली फिल्म नसायची, हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. शब्द खरा होता की खोटा ते जाऊ दे, आपण तो बापाला ताटावर ऐकवला याची मिचीला लाज वाटली.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओतले कंगवे साबणाच्या पाण्यात धूत बसली होती. गिऱ्हाइकांचे भांग ठीकठाक करणं हे तिचं खातं.

"बोललीस ते बोललीस," आई म्हणाली. "पण तू चुकीच्या वेळी बघतेस."

"म्हणजे?"

"मी इतकी वर्षं या खुर्चीतून बघतेय. लोक 'झालं' म्हटल्यावर माणसांत येतात. त्याच्या आधी सगळे सारखेच." तिने एक कंगवा झटकला. "मी कॉलेजच्या ओळखपत्राच्या फोटोला इथे आले होते. फोटोत कशी आलेय ते तू पाहिलंयस, भुतासारखी. पण यांनी 'झालं' म्हटलं आणि मला जे हसू फुटलं ते थांबेना. तेव्हा मात्र हे नुसते बघत बसले. बटण दाबायचं सुचलं नाही शहाण्याला."

मिची कॅमेरा घेऊन उठलीच. चौकात जाऊन तिने फळवालीसमोर "श्वास धरा" म्हटलं, मग "झालं" म्हटलं, आणि मग बटणाकडे बोट नेलं. फळवाली तशीच ताठ.

"मावशी, झालं म्हटलं ना मी."

"तू म्हटलंस गं," फळवाली ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटली. "पण तुझ्या म्हणण्यात काही दम नाही. काकांचं ऐकलं की कसं सुटल्यासारखं वाटतं."

मिची घरी आली. लाल दिवा लागलेलाच होता. ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली.

"बाबा, काल मी वाईट बोलले."

तिने डोकं मागे दाराला टेकवलं.

"मला तुमचं 'झालं' हवंय. माझं कुणी ऐकत नाही."

"ऐकणार नाहीच," आतून आवाज आला. "त्याला जन्म जातो."

"तुम्ही तुमचा कॅमेरा घेऊन समोर उभं राहायचं आणि फक्त बोलायचं. फोटो मी बाजूने काढीन. रोल वाया घालवू नका, रिकामाच कॅमेरा आणा."

"म्हणजे बुजगावणं."

"मानाचं बुजगावणं," मिची म्हणाली.

आत एक खण उघडून मिटल्याचा आवाज झाला. मग लाल दिवा विझला.

बाबांनी इस्त्रीचा कोट घातला. वरून डोकावून बघायचा तो जुना कॅमेरा गळ्यात आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं खांद्यावर, असे ते निघाले, तेव्हा न्हाव्याने दुकानातूनच सलाम ठोकला. पहिला मान त्यालाच मिळाला. बाबांनी तिकाटणं रोवलं, मान खाली घालून कॅमेऱ्यात पाहिलं.

"हनुवटी खाली. खांदे सरळ. श्वास धरा."

दुकान गोठलं. रस्त्यावरून जाणारा दूधवालासुद्धा सवयीने थांबला.

"झालं!"

दुकान सुटलं, आणि मिचीचा फोटो हुकला. ती स्वतःच खांदे सरळ करून, हनुवटी खाली घेऊन, श्वास कोंडून उभी होती.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला नव्हतं सांगितलं," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला तिने तोंडाने श्वास घेत राहायचं ठरवलं, आणि मग जमलं. न्हाव्याच्या मिशीवरचा फेस मिळाला. पंक्चरवाला मिळाला, कोटाच्या बाहीने नाक पुसताना. बेकरीवाला मिळाला, आपल्याच पावाचा लचका तोडताना. बाबांचा आवाज गल्लीगणिक चढत गेला. त्यांच्या मागे माणसं गोळा होऊ लागली. ज्यांचा फोटो झाला होता तीही पुन्हा रांगेत आली, कारण फोटोकाका रस्त्यावर आले होते आणि असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

शेवटी चौकात सगळेच जमले. बाबांनी उंच माणसं मागे घातली, आजींना पुढे खुर्ची दिली आणि पोस्टमास्तरांची टोपी सरळ केली. आज त्यांनी श्वास जरा जास्तच धरायला लावला. मग चौकभर घुमलं, "झालं!" आणि गाव फुटलं. आजींनी कवळी काढून रुमालात टाकली आणि बोळक्याने हसल्या. फळवालीने पोस्टमास्तरांच्या पाठीत धपाटा घातला, टोपी उडून न्हाव्याच्या डोक्यावर बसली. मिची बटण दाबत होती, दाबत होती, आणि मग तिलाच हसू आवरेना. ती चौकात फतकल मारून बसली आणि पोट धरून हसली. बाबा मान खाली घालून अजून कॅमेऱ्यात बघत होते. रिकाम्या डब्यात त्यांना काय दिसत होतं, कोण जाणे.

संध्याकाळी डार्करूमचा लाल दिवा पुन्हा लागला. आतून नळाचा आवाज येत होता. सवयीला औषध नाही, असं म्हणून मिचीने फोटो निवडायला घेतले आणि सरांना पाठवून दिले. यावेळीही उत्तर एकाच ओळीचं आलं : 'जागा ठेवली आहे, त्या आजी कोण?' मिचीने ते आईला तीनदा वाचायला लावलं. बाबांनी एकदाच वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला.

सुट्टी संपली. निघायच्या सकाळी मिची सामान घेऊन पायऱ्या उतरली, तर बाबा बाहेर उभे राहून दर्शनी कपाटाची काच पुसत होते. पाटी जिथल्या तिथे होती. पाटीखालचा तो साप बघितल्यासारखा फोटो मात्र नव्हता. तिथे एक नवा, काळापांढरा फोटो लावला होता. चौकातल्या धुळीत एक मुलगी फतकल मारून बसली आहे, केस तोंडात गेलेत, कॅमेरा मांडीवरून घसरतोय, आणि हसण्यापायी दोन्ही डोळे गच्च मिटलेत.

मिची काचेजवळ गेली.

"रोल होता," ती म्हणाली.

"एकच होता. पडून पडून वाया गेला असता."

"बाबा, यात डोळे मिटलेत."

"मिटू देत."

"आणि ही पाटी?"

बाबांनी पाटीवरून फडकं फिरवलं. "पाटीत बाहेर जात नाही म्हटलंय. हा कुठे जातोय? इथेच राहील."

मिचीने सामान पायरीवर ठेवलं आणि कॅमेरा वर केला. बाबांनी फडकं खिशात कोंबलं. हनुवटी खाली घेतली, खांदे सरळ केले आणि श्वास धरला. मिची काही बोलली नाही. बाबांचे कान लाल झाले, मग नाक. दारात आलेल्या आईने तोंडाला पदर लावला.

"झालं," मिची म्हणाली, आणि मग बटणावर बोट ठेवलं.