रेघांबाहेरचा उजेड

“ताई, ह्या जांभळ्या रेघा पुसू देऊ नका. उजेडाला हद्द कळत नाही,” देवकुळे सिस्टर म्हणाल्या होत्या. मी हसले. म्हटलं, “मग त्याला चष्मा लावा.”

माझ्या छातीला रेडिएशनचे पंचवीस शेक दिले होते. गाठ गेली, पण तिथली कातडी भाजल्या वांग्यासारखी झाली. पदर टेकला तरी आग व्हायची. चार वर्षांची माझी जुई “उचल ना गं” म्हणत पायांना बिलगायची आणि मी नुसता तिच्या केसांवरून हात फिरवायचे. जखम भरावी म्हणून दवाखान्यात तांबड्या दिव्याखाली रोज दहा मिनिटं बसायचं होतं. रेघा त्या जखमेभोवती आखल्या होत्या.

नरकचतुर्दशीला सासूबाईंनी पाठीला उटणं लावलं. “सणाचं अंग कोरडं ठेवतात होय?” तांब्याभर पाणी खांद्यावरून पुढे आलं आणि मोरीतून जांभळं होऊन वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी उजेड जखमेवर थांबला नाही. तो माझ्या अंगावरून मागं मागं चालत गेला. आधी मनगटावरचा कुकरच्या वाफेचा डाग गेला, गेल्या वर्षीचा. मग बोटावरची खूण गेली. पहिले दात आले तेव्हा जुई कडकडून चावली होती, ती. मला गंमत वाटली.

घरी आले तर जुईचा फ्रॉक जमिनीवर लोळत होता.

“अंगानं उतरलीय,” सासूबाई म्हणाल्या. जुई माझ्याकडे बघून हसली. तिला दात नव्हते.

पुढच्या सकाळी दिव्याखाली बसण्याआधी विचारलं, “सिस्टर, थांबवता येईल?”

“येईल की. पण जखम उघडी राहील. मग लेकीला कधी उचलणार?”

“किती राहिलं?”

“दोनच दिवस.”

त्या दिवशी पोटावरची, जुईच्या जन्माच्या वेळची टाक्यांची रेघ गेली. तिथं कॉलेजच्या गॅदरिंगला नऊवारी नेसले होते तेव्हाचं पोट आलं. मला आधी बरं वाटलं, लपवत नाही. नंतर धावत घरी गेले. सासूबाई पाळण्यात वाकून डोळे बारीक करत होत्या. “मला ती नीट दिसत नाही गं. नंबर बदलला वाटतं.”

म्हणून आज तिला दुपट्यात गुंडाळून बरोबर आणलं आणि दाराबाहेरच्या बाकावर ठेवलं. पाच मिनिटांत छातीवरची जखम भरून आली, कातडी गुळगुळीत, थंड. आणि तळहातांवर लग्नातली मेंदी उमटली. ओली. नीलगिरीचा वास, लिंबू-साखरेचा चिकटपणा. मांडवात आईनं मला पोहे भरवले होते, “हात पसरून बस, काही शिवू नकोस,” म्हणत. तिचा तो घास पुन्हा जिभेवर आला.

“झालं,” सिस्टर म्हणाल्या. “आता घ्या लेकीला.” आणि त्या पुढच्या पेशंटकडे निघून गेल्या.

मेंदी वाळत नाहीये. दाराच्या कडीला हात लावता येत नाही. हात पसरून बसले आहे.

तुम्ही दाराच्या त्या बाजूला आहात. बाकावर पिवळं दुपटं असेल. उघडू नका. नुसता वरून हात ठेवा आणि सांगा, आत ऊब आहे का?