चेपलेला डबा

भैयालालनी लेकीच्या डब्याची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"बाबा, भाजी आहे त्यात, बाँब नाही," मोना म्हणाली.

मोना रेल्वेचं इंजिन चालवायची. आज 'कवच' या नव्या सुरक्षा यंत्राची चाचणी होती. समोर लाल सिग्नल असताना तिनं गाडी तशीच पुढं न्यायची. थांबवायची ती यंत्रानं. तिनं ब्रेकला हात लावला की चाचणी फुकट.

"लाल दिसला की हात ब्रेकवर, हे तुम्हीच शिकवलं. आता तो हात आवरू कसा?"

भैयालालनीही तीस वर्षं इंजिनच चालवलं होतं. शेवटच्या वर्षी धुक्यात लाल सिग्नल फार उशिरा दिसला. सहा प्रवासी गेले. चौकशीनं त्यांना निर्दोष ठरवलं, त्यांनी स्वतःला नाही. तेव्हापासून ते रेल्वेत चढले नव्हते. मदन महल स्टेशन घरापासून हाकेवर असूनही दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीला जायचं ते बसनं, तिलवाऱ्याच्या पुलावरून. सुमनबाईंना बस लागायची. त्या लिंबू हुंगत निमूट नवऱ्यासोबत जायच्या.

"डबा मांडीवर घे," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी धर. सोडू नको."

ती गेल्यावर शेजारचा अंकुर पेपर घेऊन आला.

"काका, या कवचला किलोमीटरमागे लाखो रुपये! काहून इतका खर्च करून राहिले?"

"त्या सहा घरी जाऊन विचार, बेटा. मी गेलो होतो."

अंकुरनं पेपर घडी करून ठेवला.

चार वाजता मोना परतली.

"थांबली?"

"थांबली, बाबा! सिग्नलच्या अलीकडे. क्या बात है, जसे तुम्हीच ब्रेकवर बसून होते!"

तिनं डबा पुढं ठेवला. ॲल्युमिनियमचा तो डबा दोन्ही बाजूंनी चेपला होता.

"नवा होता ना गं!" सुमनबाई म्हणाल्या.

"काय करू, आई? हात सारखा ब्रेककडे जाऊन राहिला होता."

भैयालालनी त्या खळग्यांत आपली बोटं बसवून पाहिली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. पोरीचा त्यांना फार अभिमान वाटला.

"यंदा दसऱ्याला रेल्वेची तिकिटं काढ."

मोना गडबडली. "पण बाबा, नागपूरच्या लाईनवर कवच अजून लागलं नाही. पैसा लागते. टाइम लागन."

"माहीत आहे." डबा त्यांच्या हातातच होता. "इंजिनात असे हात तर आहेत ना? दोन तिकिटं काढ. खिडकीचं तुझ्या आईला."