मी जपानी रंगांची पेटी, मुक्काम जानेफळ

मी रंगांची पेटी बोलतेय. जन्मानं जपानी, पण आयुष्य गेलं ते जानेफळात, तेव्हा मला वऱ्हाडीच म्हणा. झाकणावर माझं नाव उभ्या अक्षरांत लिहिलंय. ते इथं कुणाला वाचता येत नाही. मला इथं आणणाऱ्या गुलजारनं ते नुसतं ऐकून लक्षात ठेवलं होतं: गान्साई. इथल्या ड्रॉइंगमास्तरांच्या बायकोला, रुखमाबाईंना वाटलं, मेसाई तशी ही गाणसाई, कुठली तरी देवीच असणार. त्यांनी आल्या आल्या मला हळदकुंकू वाहिलं.

तशी मी साधी आहे. रंगाची पूड, डिंक, थोडा सरस, खळ आणि साखरेचा पाक. हे सगळं घोटून घोटून चिनी मातीच्या बारा वाट्यांत ओतलं आणि वाट्या कागदी पेटीत बसवल्या. वाट्या चांगल्या रुंद. आमच्या जपानकडचे चितारी जाडजूड कुंचला अख्खा टेकवून रंग उचलतात.

गुलजार खामगावला कापसाच्या प्रेसात गाठींवर मार्के रंगवायचा. कापूस खरेदीला आलेल्या एका जपानी साहेबाला त्याची अक्षरं आवडली. परत जाताना त्यानं मला गुलजारच्या हातात ठेवलं. गुलजारनं मला गाठीच्या तरटावर लावून पाहिलं, पण पाण्याचा शिंतोडा उडाला की मी पुसली जायची. मग तो मला घेऊन जानेफळला आपल्या जुन्या ड्रॉइंगमास्तरांकडे, वामनरावांकडे आला.

"गुरुजी, गाठीवर हे टिकत नाही," तो म्हणाला. "तुमच्याच हातात शोभते."

वामनरावांनी मला नुसतं कोनाड्यात ठेवून दिलं. गुलजारला ठाऊक नव्हतं, की मास्तरांनी दोन वर्षांत कुंचला धरला नव्हता. त्यांचा उजवा हात थरथरायचा. शाळेच्या समारंभासाठी काढलेलं शेवटचं चित्र त्यांनी स्वतःच फाडलं होतं आणि तेव्हापासून ते घरात फारसं बोलतही नसत.

कोनाड्यात माझ्या शेजारी विलायती जलरंगांचा पत्र्याचा डबा होता. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्यानं मास्तरांना बक्षीस दिलेला. त्यातल्या वड्या बोटाच्या पेराएवढ्या, पण तोरा मोठा. त्यांचा कायदाच वेगळा. भरपूर पाण्यात विरघळून त्या इतक्या पातळ होतात, की खालचा कागद त्यांच्यातून उजळतो. चित्रातलं पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा तिथं रंग गेला, की गेला. थरथरत्या हातानं ढगाची कड कोरी सोडायची कशी? बैलाच्या डोळ्यातली चमक राखायची कशी? मास्तर हरले होते ते इथं.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला उघडलं. सवयीप्रमाणे खूप पाणी घेतलं, एक हात दिला, त्यावर दुसरा. मी अशी भरमसाट पाण्यात टिकणारी नव्हे. खालचा थर वर आला, सगळा गाळ झाला आणि जिथं मी साचले तिथं वाळून लाखेसारखी चकाकायला लागले. मला फार ओशाळवाणं झालं. मास्तरांनी झाकण लावलं.

"हा रंग नव्हे," ते म्हणाले, "हे सारवण आहे."

रुखमाबाई ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"सारवणावरच तं रांगोळी उठते," त्या म्हणाल्या.

मास्तर थबकले. चाळीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवलेल्या माणसानं लावलेलं झाकण पुन्हा उघडलं. गडदावर फिकं! त्यांच्या डब्याला जे कधीच जमलं नसतं, ते रुखमाबाई रोज अंगणात करत होत्या.

युरोपात लढाई लागल्यापासून पांढरा जाड कागद मिळेनासा झाला होता. मास्तरांनी कापडाच्या दुकानातून आलेला खाकी कागद पाटावर ताणून चिकटवला. मग ते बायकोकडे वळून म्हणाले, तशीच बस.

रुखमाबाईंना खरं वाटेना. या माणसानं पाटलाची बैलजोडी काढली, साहेबाचा बंगला काढला, गावातल्या निम्म्या लोकांचे मुखडे काढले, पण त्यांच्यासमोर तो कधी कुंचला घेऊन बसला नव्हता. त्यांनी पदर सारखा केला आणि उठून नथ घालून आल्या. हात मात्र डाळीतच ठेवले. नुसतं बसणं त्यांना जमत नसे.

या खेपेला मास्तरांनी पाणी बेतानं घेतलं. साईसारखी दाट मी कागदावर बसले आणि खाकी रंग माझ्याखाली पार दडला. सगळं नीट चाललं होतं, तोच नाकाशी हात हलला आणि एक काळसर रेघ थेट गालावर गेली. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी फाडायला कागदाचा कोपरा धरला. माझा जीव टांगणीला लागला.

"रंग वाळू तं द्या," रुखमाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी रंग वाळू दिला. मग गालाचा रंग कालवून, कुंचला न घासता हलकेच त्या रेघेवर टेकवला. रेघ गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची चूक दुरुस्त झाली होती.

शेवटी त्यांनी माझ्या पांढऱ्याला हात घातला. विलायती रीतीत नथीचे मोती आधीच कोरे राखावे लागले असते. इथं नुसतं टेकवायचं होतं. टिंब, टिंब, टिंब. हात थरथरत होताच, त्यामुळे मोतीही ओळीत बसले नाहीत. नथ नुकतीच हलल्यासारखी दिसायला लागली.

रुखमाबाईंनी चित्र लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"एवढी काळी आहो मी?"

"कागद काळा आहे," मास्तर म्हणाले.

"नाही. बराबर आहे," असं म्हणून त्या डाळीचं सूप उचलून आत गेल्या. चुलीपाशी त्या डोळे पुसत होत्या, हे मला उघड्या दारातून दिसलं.

त्यानंतर घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. खोटं कशाला सांगू, डब्याचेही दिवस पालटले. गुलजारनं कुठून तरी दोन ताव पांढरे कागद आणले, तेव्हा मास्तरांनी संध्याकाळचं आभाळ त्या डब्यातूनच काढलं. ओल्या कागदावर रंग सोडून द्यायचा, त्याला हाताची थरथर आडवी येत नाही. तसं झिरपतं आभाळ मला जन्मात जमणार नाही. मी भिंतीसारखी उभी राहते.

पुढं जपानशीच लढाई जुंपली. मास्तरांनी माझ्या नावावर कागद डकवून 'पाचक चूर्ण' असं लिहिलं. मग शेजारचे पंजाबराव पोट दुखतंय म्हणून चिमूटभर मागायला आले. त्यांना समजावताना मास्तरांच्या नाकी नऊ आले.

आता माझ्या निळ्या वाटीचा तळ दिसतो. पांढऱ्याला भेगा गेल्यात. तरी वाट्या रोज ओल्या होतात, कारण मला आता रुखमाबाई वापरतात. एवढंच मागणं आहे: माझ्यावर पाणी ओतू नका, काम झालं की सावलीत वाळवा आणि जपून ठेवायच्या नादात मला कोनाड्यात विसरू नका. रंग ठेवून वाढत नाही.

काल त्यांनी दुपारी झोपलेल्या मास्तरांचं चित्र काढलं, तोंड उघडं, मिशी फुगलेली. मास्तर जागे झाले, चित्र पाहून म्हणाले, तोंड तरी मिटव.

"मिटवता येते," रुखमाबाई कुंचला धूत म्हणाल्या. "पण मी नाही मिटवत."