दोन किल्ल्यांचा नळ

दोन किल्ल्यांची कल्पना ताईंचीच, आणि आता ती त्यांच्याच अंगाशी आली होती. लढाई थांबल्यावर मदत संस्थेने त्यांना इथं पाठवलं, तेव्हा वरची आळी आणि खालची आळी एकमेकांचं तोंड पाहत नव्हती. ताईंनी पाण्याची टाकी बरोबर मधल्या रस्त्यावर बांधून घेतली आणि नळाच्या पेटीला दोन कुलपं घातली. एक किल्ली वरच्या आळीतल्या मास्तरांकडे, दुसरी खालच्या आळीतल्या न्हाव्याकडे. दोघं आले तरच पाणी. सुरुवातीला दोघं एकमेकांकडे पाठ करून कुलूप काढत. पुढे पुढे तिथंच कट्ट्यावर बसून गप्पा हाणू लागले. मास्तरांचा मुलगा लढाईत खालच्यांच्या गोळीने गेला होता, तरी ते बसत. ताई मदतीच्या या नोकरीला पार विटून गेल्या होत्या. सकाळी उठून जाऊन बघावं असं गावात त्यांना कट्ट्यावरची ही दोघं, एवढंच उरलं होतं.

मग संस्थेच्या मुख्यालयाला साक्षात्कार झाला. विकास, शांतता आणि सुरक्षा ही सख्खी भावंडं आहेत, त्यांना एका पंगतीला बसवा, असा आदेश आला. दोन्ही आळ्यांच्या पाणी समितीच्या बैठकीला सुरक्षा दलाचा कॅप्टन येऊन बसू लागला. माणूस वाईट नव्हता. उलट फार सभ्य, आणि तेच नडलं. एका बैठकीनंतर त्याने न्हाव्याला उन्हात चालत जाताना पाहिलं आणि चिलखती गाडीत शेजारी बसवून दारापर्यंत सोडलं. वाटेत सहज विचारलं, आळीत कोणी नवीन आलंय का. न्हाव्याने काही सांगितलं नाही, पण त्याला गाडीतून उतरताना अख्ख्या आळीने पाहिलं. त्याच आठवड्यात आळीतली काही पोरं पकडली गेली. भीक नको पण कुत्रा आवर, म्हणतात ते हे.

न्हावी किल्ली घेऊन यायचा बंद झाला आणि नळ कोरडा पडला. ताई त्याच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक एक नाही, आरशाला कोणीतरी डांबर फासलेलं. खबऱ्याचं काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं असतं, न्हावी म्हणाला. त्याच्या आवाजात भीतीपेक्षा थकवाच जास्त होता. ताईंनी त्याला गाव सोडायला सुचवलं. आजारी आईला पाठीवर घेऊन कुठं जाऊ, त्याने विचारलं. कॅप्टनशी बोलते म्हणाल्या, तर न्हावी नुसता हसला. तोडगा त्याने स्वतःच काढून ठेवला होता.

"मला चोर ठरवा, ताई. चारचौघांत. मास्तरांच्या किल्लीची नक्कल करून मी चोरून पाणी विकत होतो म्हणा. कॅप्टनने त्याच्याच चौकशीला गाडीत घातलं होतं म्हणा. आमच्या आळीला चोर चालतो, खबऱ्या नाही चालत."

"आणि मास्तर?"

"त्यांनाही सांगायचं नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही. कोणी विचारलं तर तोंडावर दिसेल, आणि मग मी गेलोच."

ताईंनी कॅप्टनला एवढंच सांगितलं, की कोणी विचारलं तर गप्प राहा. दुसऱ्या दिवशी नळापाशी दोन्ही आळ्या जमल्या आणि ताईंनी न्हाव्याला चोर म्हटलं. आवाज चढवून म्हटलं, त्याच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली. त्याने मान खाली घातली आणि चोरासारखा उभा राहिला. वरच्या आळीने शिव्यांची लाखोली वाहिली. खालच्या आळीत आधी कुजबुज, मग हसू पिकलं. वरच्यांनाच टोपी घातली की पठ्ठ्याने, असं म्हणत कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. न्हावी वाचला होता. ताईंना सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची शिसारी आली. मुख्यालय तर याला पारदर्शक कारभार म्हणून शाबासकीच देईल.

मास्तर शिव्या देणाऱ्यांत नव्हते. गर्दी पांगायला लागली तरी ते टाकीला टेकून उभेच होते. मग हळूहळू ताईंजवळ आले.

"नळ बंद केल्यावर टाकीमागं बसून मी त्याच्याकडून दाढी करून घ्यायचो," ते म्हणाले. "घरी सुनेला कळू न देता. डोळे मिटून त्याच्या वस्ताऱ्यापुढे मान टाकायचो, ताई. माझं पोर ज्यांनी मारलं त्यांच्यातला तो. मला वाटायचं, एवढं जमलं तर बाकीचंही जमेल. माझं चुकलं का हो?"

खालच्या आळीतली माणसं अजून घुटमळत होती आणि सगळ्यांचे कान इकडेच होते. त्यांच्यामध्ये न्हावी उभा होता. तो मास्तरांकडे बघत नव्हता, ताईंकडे बघत होता.

"हो, मास्तर," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "चुकलं तुमचं."