चिंगीची पहिली रायफल

"बाबा, आता नीट ऐका हं," चिंगी म्हणाली आणि तिने चाप ओढला.

रायफल तिच्या हातात खडखडली. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी आता चांगलाच तरबेज झालोय. दीड-दोन वर्षं दुसरं करतोय काय मी?

"आणि आता ही." तिने पहिली रायफल काउंटरवर ठेवली. दुकानवाल्या बाईंनी तिची बॅटरी काढून दुसरीला जोडून दिली. पुन्हा चाप, पुन्हा खडखड. मला दोन्ही अगदी एकसारख्या ऐकू आल्या. आता पंचाईत होती. कारण दुकानात शिरताना माझी लेक बाईंना ऐटीत सांगून मोकळी झाली होती, "माझे बाबा मेकॅनिक आहेत. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखतात. ते म्हणतील तीच घेणार मी."

चिंगी सव्वीस वर्षांची आहे, दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत बघायचं आणि रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर एका बंद पडलेल्या गोदामात बंदुका घेऊन लपाछपी खेळायची. एअरसॉफ्ट म्हणतात त्या खेळाला. बंदूक खऱ्यासारखी दिसते, पण आत बॅटरी, मोटर आणि गिअर, आणि बाहेर पडतात ते प्लास्टिकचे इवलेसे छर्रे. लागला की आपणच हात वर करून बाहेर जायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "अगं, लागलाच नाही म्हणून कुणी खोटं बोललं तर?" ती म्हणाली, "बाबा, कुणी खोटं बोलत नाही. मग खेळात मजाच राहत नाही ना." मला ते काही पटलं नव्हतं.

इतके दिवस ती भाड्याची बंदूक वापरायची. मागच्या खेळात ऐन मोक्याच्या वेळी ती अडकली आणि चिंगीच्या अख्ख्या टोळीचा निकाल लागला. तेव्हापासून स्वतःची घ्यायचं डोक्यात. टोळीतल्या एकाने सांगितलं, धातूचीच घे. दुसरी म्हणाली, वेडी आहेस का, हात भरून येतील. तिसऱ्याने तर तिला तासभर मोटरवर व्याख्यान दिलं. पोरगी इतकी गोंधळली की शेवटी माझ्याकडे आली. "तुम्ही चला. गिअर म्हणजे गिअर, शिलाई मशीनचा काय नि हिचा काय."

मी शर्टांच्या कारखान्यात मेकॅनिक आहे, एकतीस वर्षं. एका मजल्यावर चौऱ्याण्णव मशीनं एकदम चालतात. एके काळी मी दारात उभा राहून सांगायचो, सातव्या लाइनीतल्या तिसऱ्या मशीनचं दोरा पकडणारं हुक कोरडं पडलंय. आणि तसंच निघायचं. कुणी पाहुणे आले की लाइनमास्तर मला मुद्दाम बोलावून हा खेळ करून दाखवायचा. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आता बारीक आवाज येतच नाहीत. माणसांचं बोलणं येतं, समोरासमोर असलं तर. मशीनची धडधड येते. पण तेल संपलं की लोखंड जे बारीक रडतं, ते गेलं. आधी इस्त्री विभागातल्या वाफेची शिट्टी गेली, मग घरातल्या घड्याळाचा गजर गेला, आणि मग कामाचं सगळंच. मी कुणाला सांगितलं नाही. चिंगीची आई म्हणते, हल्ली तुमचं माझ्याकडे लक्षच नसतं. म्हणू दे. लक्ष नसलेला नवरा चालून जातो, बहिरा मेकॅनिक नाही चालत. निवृत्तीला चार वर्षं आहेत, तेवढी निभली की झालं, असं मी मनाला सांगत आलो होतो.

पण गेल्या मंगळवारी कॉलर लावणाऱ्या बाईंनी मला हाक मारली. "मेकॅनिकदादा, बघा ना, कसला तरी आवाज येतोय." मी वाकलो, कान लावला, दोन टाके मारून बघितले आणि म्हटलं, "काही नाही हो, उगाच घाबरता." तासाभराने हुक अडकलं, सुई तुटली आणि तुकडा उडून त्यांच्या चष्म्याच्या काचेवर बसला. चष्मा होता म्हणून बरं. त्या हसल्या, "थोडक्यात वाचले बघा," म्हणाल्या, वर मलाच पाणी आणून दिलं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास धड उतरत नाही.

"काका, काय वाटतं?" दुकानवाल्या बाईंनी विचारलं. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधीच चिंगीला सगळं समजावून दिलं होतं. पहिली बंदूक घेताना फार शहाणपणा करायचा नाही. सगळीकडे सुटे भाग मिळतील असं नेहमीचं मॉडेल घ्यायचं. तासभर हातात धरवेल एवढंच वजन. मैदानावर मोजून बघतात, तेव्हा छर्र्याचा वेग ठरवलेल्या मर्यादेच्या आत असला पाहिजे. आणि आधी गॉगल, मग बंदूक. गॉगल तर त्यांनी चिंगीच्या हातात ठेवलाच होता. मला बाई आवडल्या. विकायची घाई नव्हती त्यांना.

निवड दोनवर आली होती. पहिली आखूड, हलकी, मागचा दस्ता मागेपुढे सरकणारा. चिंगी चणीने लहान, तिच्या खांद्याला ती बरोबर बसत होती. दुसरी लांब आणि जड. चिंगीचा जीव पहिलीत गुंतलाय हे कुणालाही दिसलं असतं, पण ती तसं म्हणत नव्हती. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"परत चालव," मी म्हटलं, आणि मेकॅनिकच्या थाटात बंदुकीच्या पोटावर तळहात ठेवला. हाताला कळेल, असा माझा हिशेब. अलीकडे मी हातावरच तर दिवस काढत होतो.

पहिली चालली. हाताला थरथर अगदी कमी, सगळं कसं घट्ट बसलेलं. दुसरी चालली. तिची थरथर जास्त, गिअर जरा सैल वाटले. मला एकदम हायसं वाटलं. चला, सुटलो.

"ही पहिली," मी ठासून म्हटलं. "डोळे झाकून घे. आत लोण्यासारखी चालतेय."



शेजारी एक जण हातमोजे बघत उभा होता, तो माझ्याकडे बघत राहिला. दुकानवाल्या बाईंनी भुवया उंचावल्या आणि चिंगीकडे पाहिलं. "काका, खात्री आहे ना?"

"अहो, एकतीस वर्षं हेच करतोय," मी म्हटलं.

चिंगी माझ्याकडे बघत होती. आधी कपाळाला आठी, मग आठी गेली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. लहानपणी ती तापाने फणफणली की मी तिच्याकडे तसा बघायचो.

"ठीक आहे," ती बाईंना म्हणाली. "बाबा म्हणतायत ना. हीच द्या."

"अगं पण..." बाई म्हणाल्या.

"हीच द्या हो. मला आवडलीये."

तेव्हा मला सगळं समजलं. पहिली बंदूक ओरडत होती. त्या दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल इतकी ओरडत होती, आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून लोणी लोणी करत होतो. आणि माझी पोरगी माझी लाज राखायला ती घेऊन जायला निघाली होती. ती रविवारी गोदामात शिरणार, चाप ओढणार, पुन्हा बंदूक बंद पडणार, आणि टोळीने विचारलं तर म्हणणार, मलाच आवडली म्हणून घेतली. माझ्यावर बोल येऊ देणार नाही.

बाई खोकं आणायला वळल्या. अजूनही गप्प बसता आलं असतं. मी बसलोही असतो, माझी काही खात्री नाही. पण मला कॉलरवाल्या बाई आठवल्या, पाण्याचा ग्लास पुढे धरून हसणाऱ्या.

"थांबा," मी म्हटलं. "बाई, थांबा जरा. मला ऐकू येत नाही."

माझा आवाज मोठा झाला असावा. हातमोजेवाला घाईघाईने दुसरीकडे बघायला लागला.

"म्हणजे, बोलणं येतं," मी म्हटलं. "बारीक आवाज नाही येत. ही काय करतेय ते मला माहीत नाही. मी अंदाजाने बोललो."

"कधीपासून?" चिंगीने विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं! आणि आईला?"

"नाही सांगितलं."

"कारखान्यात?"

मी नकारार्थी मान हलवली. मग मंगळवारचंही सांगून टाकलं, तिथेच काउंटरपाशी उभ्या उभ्या. सुई, चष्मा, सगळं. चिंगीचे डोळे भरून आले आणि ती माझ्यावर भडकली. "बाबा, त्यांच्या डोळ्यात गेला असता तुकडा! काय करत होतात तुम्ही?"

"घाबरलो होतो गं," मी म्हटलं. "दुसरं काय? मला दुसरं येतं काय?"

ती गॉगलचा पट्टा उगाचच ओढत राहिली.

"उद्या सांगेन लाइनमास्तरला," मी म्हटलं. "सकाळी गेल्या गेल्या. आधी त्या बाईंची माफी मागेन."

"सांगाल ना नक्की?"

"सांगेन."

दुकानवाल्या बाई मधल्या काळात खोकं न आणताच परत आल्या होत्या. "मी तशीही ही नीट केल्याशिवाय देणार नव्हते तिला," त्या म्हणाल्या. "नव्या मालात एखादी अशी निघते. आमचा माणूस परवा येईल, तो नीट करून देईल. नाहीतर ती दुसरी घ्या, तिला काही खोट नाही."

चिंगीने त्या जड बंदुकीकडे पाहिलं. तिचा हात मात्र पहिलीच्या दस्त्यावरच होता.

"आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"असू दे ना बाबा."

"सांग तर. चाप दाबल्या दाबल्या येतो का सोडताना?"

तिने नाक पुसलं. "दाबल्या दाबल्या. बारीक, एकदम वरचा. आमच्या दवाखान्यातल्या ड्रिलसारखा. अंगावर काटा येतो."

"मध्ये तुटतो?"

"नाही. सलग आहे."

"मग मोटर गिअरला जास्त भिडलीय. हाताला घट्ट लागलं ते उगाच नाही." मी बाईंकडे वळलो. "मोटर मुठीत असते ना? खालून वर-खाली करायला स्क्रू असेल."

बाईंनी मूठ उलटी करून तळ दाखवला. मध्यभागी छोटा स्क्रू होता. "तुम्ही करणार?"

"ती ऐकेल. मी फिरवतो."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि ड्रॉवरमधून स्क्रू फिरवायची किल्ली काढून दिली. बंदूक काउंटरवर आडवी धरली, नळी भिंतीकडे. मी पाव फेरा सैल केला. चिंगीने चाप ओढला.

"आहे अजून."

पुन्हा पाव फेरा.

"कमी झाला. पण आहे."

आणखी थोडा. हातमोजेवालाही आता जवळ येऊन मान वाकवून ऐकत होता. आजकाल फुकटचे परीक्षक फार झालेत.

"गेला!" चिंगी म्हणाली. "नाही, थांबा. आता घरघर येतेय."

"जास्त सैल झालं." मी अगदी किंचित मागे घेतलं. "आता?"

तिने चाप ओढला, सोडला, पुन्हा ओढला. डोळे मिटून, डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत राहिली.

"बस, बाबा. आता बरोबर आहे."

बंदुकीच्या पोटावरच्या माझ्या तळहाताला आता थरथर लागत होती. हात सांगत होता, आणखी एक केसभर घट्ट कर. एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी कुठलाही स्क्रू अर्ध्यावर सोडला नव्हता. किल्ली अजून माझ्या चिमटीत होती.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की."

मी किल्ली काढली आणि बाईंना परत दिली.