बाल्दोमेरोने मोजलेल्या दहा लाटा

मी एक जुने स्टॉपवॉच आहे आणि मित्रांनो, मी कुणालाही माफ केलेले नाही.

पेरूच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात माझी हयात गेली. एदुविहेस रोज सकाळी मला घेऊन धक्क्याच्या टोकाला उभी राही. पहिली लाट खांबावर आदळली की ‘शून्य’ म्हणून बटण दाबी आणि दहाला मला थांबवी. सेकंदांना दहाने भागले की आवर्तनकाळ, म्हणजे एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचा वेळ, मिळे. साठाला त्याने भागले की वारंवारता, म्हणजे मिनिटाला किती लाटा. आवर्तनकाळाची दीडपट केली की खोल समुद्रात लाट सेकंदाला किती मीटर धावते, तो वेग. आवर्तनकाळ सोळाच्या वर गेला की लाल बावटा चढे आणि होड्या बंद. सारा कोळीवाडा माझे कौतुक करी.

मग बाल्दोमेरो मुकादम आला आणि मोजणी त्याने स्वतःकडे घेतली. एके दिवशी त्याने पहिल्याच लाटेला ‘एक’ म्हटले आणि दहाला मला थांबवले. एकशे त्रेपन्न सेकंद.

“पंधरा! जा रे बिनधास्त!”

एदुविहेसचा भाऊ क्रिसान्तो गेला. होडीच्या फळ्या तेवढ्या परत आल्या.

“माझी काय चूक? हे डबडंच मागं पडतं,” बाल्दोमेरो चौकशीत म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा! मला गळांच्या डब्यात फेकले. चार वर्षे मी दातओठ खात गंजत पडले.

संत पेद्रोच्या सणाला मूर्तीची होडी निघण्याआधी मुकादम सर्वांसमोर लाटा मोजतो. त्या दिवशी एदुविहेसने मला तेल घालून, किल्ली देऊन आणले.

“साहेब, नवं घड्याळ तुमच्या हाती, जुनं माझ्या. तुम्ही मोजा, दोघं मिळून दाबू.”

त्याने पुन्हा पहिल्याच लाटेला ‘एक’ म्हटले. दोन्ही घड्याळांत सेकंदाचाही फरक पडला नाही.

“हे तर मागं पडत नाही,” एदुविहेस म्हणाली. “मग काय चुकलं? अंगठ्याशेजारी अंगठा धरा, चिकटवू नका, बोटं पसरा. दहा आहेत ना? आता मधल्या फटी मोजा.”

बाल्दोमेरोचा चेहरा उतरला. “नऊ.”

“मग त्या दिवशीचे एकशे त्रेपन्न नवानं भागा.”

“सतरा...” तो पुटपुटला. “चूक झाली गं, पोरी.”

“मला नको. माझ्या आईकडं बघून सांगा. मोठ्यानं. घड्याळ बरोबर होतं म्हणा.”

त्याने म्हटले. तिने तीनदा म्हणायला लावले. माझे काळीज थंड झाले.

मित्रांनो, आम्हांला तेल द्या, कोरड्या जागी ठेवा आणि आपले पाप मुक्या वस्तूंच्या माथी मारू नका. आता मी पुन्हा एदुविहेसच्या हातात आहे. पहिली लाट आली की ‘शून्य’ मात्र बाल्दोमेरोने ओरडायचे, असा तिचा हुकूम आहे. रोज त्याचा आवाज कापतो. क्रिसान्तो एवढ्याने परत येत नाही, हे मला कळते. तरी सकाळ कधी होते, असे मला होऊन जाते.